लग्नाविना वळवट

बोलोन्या, ११ जानेवारी २०२६

ती. अप्पा,
शरणु शरणार्थी.

तुम्ही माझ्याशी फोनवर बोलत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. याचा फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवते. तुम्ही वाचलंत तर चांगलंच. नाही वाचलंत तर आई मोठ्यानं वाचेल आणि तुम्ही पेपर तोंडापुढं धरून ऐकाल.

एप्रिलच्या मध्यात तुम्ही दोघांनी इकडं यावं, अशी माझी इच्छा आहे. दोघांची तिकिटं काढलीत. उदगीरची सोयरीक मोडून मी इथं नोकरीला आले, त्याला आता दोन वर्षं होतील. साखरपुडा झाला होता, तुम्ही शब्द दिला होता, घरात लग्नासाठी हातानं वळायचं वळवट, शेवया-नखुल्यासुद्धा करून डबे भरले होते, आणि मी नाही म्हटलं. त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. तुम्हाला तो विषय नको असेल तर नको.

या पत्राचा विषय वेगळा आहे. इथं फिरायच्या सहली आणि खाण्याचे कार्यक्रम आधीपासून राखून ठेवावे लागतात. ढिगानं आहेत, आणि त्यातले निम्मे फोटोपुरते असतात, असं इथलेच लोक म्हणतात. ऑफिसात विचारलं की जो तो आपल्या गावाचं कौतुक सांगतो. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या अप्पाला इचार, मला काय कळतंय त्यातलं." तुम्ही पोत्यात हात घालून गहू कुठल्या शिवारातला ते सांगता. तेव्हा हेही तुम्हीच पारखा.

मी आतापर्यंत जमवलंय ते असं: माणसं-जनावरं झुंजायची ते रोमचं जुनं रंगण आणि त्याच्या जमिनीखालची फेरी, व्हेनिसची नाव, आमच्या बोलोन्यात दुकानादुकानांतून चाखत फिरणं, हातानं पास्ता करायचा वर्ग, चीजचा कारखाना पहाटे बघणं, कुत्रं घेऊन जंगलात ट्रफल नावाचं भूछत्र उकरणं, आणि मोदेना गावात माळ्यावर ठेवलेली व्हिनेगरची पिंपं.

काय ठेवू, काय काढू?

रुद्राणी


पाथरी, १८ जानेवारी

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

पत्र मी स्वतः वाचलं. मोठ्यानं वाचायची वेळ आली नाही.

मी येणार नाही. एप्रिलात नवा गहू उतरतो, दुकान सोडता येत नाही. परभणीच्या एजंटानं आम्हा दोघांचे कागद एकत्र टाकलेत, कारण तुझी आई एकटी सह्या करायला तयार होईना. पण व्हिसा आला म्हणजे माणूस आला, असं होत नाही. तुझी आई मात्र येईल. आजवर तिचा प्रवास म्हणजे पोखर्णीच्या नरसिंहाला जाणं किंवा कुणाच्या लग्नाला. तेव्हा तिकडचा तिचा एकही दिवस फुकट जाता कामा नये. तेवढ्यापुरता मी यात लक्ष घालतो.

व्हेनिसची नाव काढ. पाण्यावरून नाव जाते, हे तिला माहीत आहे. रोमचं रंगण ठेव, पण जमिनीखालची फेरी असेल तरच. वरून नुसते दगड दिसतात. खाली जनावरं वर चढवायचे पाळणे आणि कप्प्या होत्या, असं वाचलं. त्यातलं एखादं पुन्हा बांधून ठेवलंय म्हणे. ते दाखवतात का, ते विचारून घे.

बोलोन्यातलं चाखत फिरणं मला पसंत नाही. एक तर त्या दुकानांत निम्मं मांसच असणार. दुसरं म्हणजे चाखणं. आपल्यात चाखून सोडत नाहीत. लिंगपूजा झाली की ताटावर बसायचं, ताटात आलं ते संपवायचं आणि ताट धुऊन ते पाणी प्यायचं. तुझी आई दहा दुकानांतल्या दहा बशा संपवील, कारण तिला टाकता येत नाही. मग पुढचे दोन दिवस तू तिला ओवा देत बसशील.

पास्ता करायच्या वर्गाबद्दल दोन प्रश्न. पीठ कुठल्या गव्हाचं, आणि त्यात अंडं घालतात का? ट्रफलबद्दल एक प्रश्न. कुत्र्याला ते सापडलं नाही तर पैसे परत देतात, की आधीच पुरून ठेवलेलं उकरतात?

चीजचा कारखाना काढून टाक. ते दूध वासराच्या जठरातल्या पदार्थानं फाडतात, असं मी दोन ठिकाणी वाचलं. तू तिथं ते खातेस का, हे मी विचारत नाही.

अप्पा


बोलोन्या, २५ जानेवारी

ती. अप्पा,
शरणु शरणार्थी.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. पहिले काही महिने खाल्लं, कारण माहीत नव्हतं. कळल्यावर सोडलं. त्यानंतर एकदा जाणूनबुजून खाल्लं. माझ्या वरिष्ठांच्या आईनं घरी जेवायला बोलावलं होतं. तिनं स्वतः किसून माझ्या ताटात वाढलं आणि समोर बसली. खायचं नाही हा तुमचा नियम, आणि ताटातलं टाकायचं नाही हाही तुमचाच. दोन्ही एकाच ताटात आले. मी खाल्लं, आणि ब्रेडच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. इथं ते चालतं. उलट वाढणारीला बरं वाटतं. आता वनस्पतीच्या विरजणाचं चीज मिळतं, वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं. घरी तेच आणते.

ट्रफलचं तुम्ही म्हणता तसंच निघालं. मी त्या सहलवाल्याला सरळ विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "बाई, पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडायचं का?" काढून टाकलं.

पास्त्यात अंडं असतं. बोलोन्यात अंड्याशिवाय पीठच मळत नाहीत. पण तुम्ही गव्हाचं विचारलंत म्हणून शोधत गेले. दक्षिणेला समुद्राकाठी बारी नावाचं शहर आहे, इथून रेल्वेनं अर्धा दिवस लागतो. तिकडं फक्त रवा आणि पाणी. जुन्या गावात एक गल्ली आहे. बाया आपापल्या दारात पाट मांडून बसतात आणि रस्त्यावरच पास्ता करतात. आकार छोट्या कानासारखा. वर्गात घालायची गरज नाही. तिथं उभं राहून बघता येतं, आणि एखादीच्या घरी तोच शिजवून जेवू घालतात. व्हिडिओ पाठवलाय. आईला दाखवा.

मोदेनाच्या पिंपांचंही विचारून ठेवलंय. द्राक्षाचा रस आटवून लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. जुन्या घरांतून मुलगी जन्मली की तिच्या नावानं पिंपं भरायची आणि लग्नात तिला द्यायची, अशी रीत होती.

रुद्राणी


पाथरी, ३ फेब्रुवारी

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

चीजचं वाचलं. ताटातलं टाकलं नाहीस, ते बरोबर केलंस. आपल्या घरातलं ताट वेगळं आणि दुसऱ्यानं मायेनं वाढलेलं वेगळं.

बारीचा व्हिडिओ पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला, कारण प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही. पीठ ओळखलं. पिवळट, करकरीत, चिकटत नाही. तो आपल्या बन्सी गव्हाचाच भाऊ आहे. आपल्याकडं आता बन्सी फार कुणी पेरत नाही, पण देवगाव फाट्याच्या एका शेतकऱ्याकडं दोन पोती निघाली. त्यातला पायलीभर आणून रवा काढला.

तुझी आई व्हिडिओ पाहताक्षणी म्हणाली, "ह्या तर नखुल्या हायत." मी म्हटलं, नाहीत. नखुलीत नखानं दाबायचं आणि सोडून द्यायचं. या बाया आधी बोथट सुरीनं पीठ पाटावर ओढतात, मग त्याची वाटी होते, मग ती अंगठ्यावर उलटी करतात. दोन क्रिया आहेत. ती म्हणाली, "उलटी केली तरी नखुली ती नखुलीच." मी म्हटलं, करून दाखव. तिनं हात जोडले. सोयरीक जमल्याबिगर वळवटाला हात लावायचा नसतो, पाच सवाष्णी लागतात, असं सगळं तिनं मला ऐकवलं. जणू मला माहीत नाही. मी म्हटलं, हे वळवट नाही, हा तपास आहे. त्यावर ती बसली.

निकाल असा. नखाच्या नखुल्या झाल्या. सुरीच्याही करून पाहिल्या, पण उलटी करताना काठ फाटतो. माझं म्हणणं, रवा जास्त जाड राहिला. तिचं म्हणणं, "अंगठा कुणीकडून कुणीकडं फिरवायचा ते दिसतच न्हाई, ती बाई मधीच हात पुसतीय." दोन्ही प्रकार वेगवेगळे सुकतात का, ते पाहायला गच्चीवर बाजेवर धोतर अंथरून वाळत घातलेत. डावीकडं नखाच्या, उजवीकडं सुरीच्या.

अंगठ्याची दिशा नीट कळव. अंदाजानं लिहू नकोस.

बारी ठेव. मोदेनाही ठेव. एक विचारायचं राहिलं. मुलीच्या नावानं पिंप भरलं, आणि मुलीनं लग्नच केलं नाही, तर त्या पिंपाचं काय करतात?

अप्पा


पाथरी, १२ फेब्रुवारी

रुद्राणी बाळा,

मी काही तुज्या अप्पासारखं लिवत न्हाई. चुकलंमाकलं समजून घे. अन् हे पत्र मी लिवलं ते त्यांला कळू देऊ नको. फोटो माजा मीच काढायलेय.

त्या नखुल्यांनी हितं लय गोंधळ घातला. मी म्हनलं व्हतं, वाळवण घरात घाला. तर म्हनले, ऊन सारखं लागाया पायजे. दुसऱ्याच दिवशी शेजारची मनकर्णा कपडे वाळत घालायला तिच्या गच्चीवर आली, अन् तिला बाज दिसली. तिथूनच वरडली, "काय वो वैजयंतीबाई, रुद्राणीची जमली म्हना की. सांगितलं बी न्हाई." मी म्हनलं, न्हाई वो, हे इटलीचं हाय. तर म्हनली, "इटलीचा नवरा हाय?"

आता काय बोलावं हिला. सांजच्याला चौघीजणी हळदीकुंकवाचं घेऊन दारात. रुसून बसल्या. पाच सवाष्णीत आमाला का धरलं न्हाई म्हून. त्यांला च्या पाजला. नखुल्या दाखवल्या. एकीनं उजव्या अंगाची उचलून बघितली अन् म्हनली, "ही फाटलीय, असल्या रुखवतात मांडणार का?" मला हसू बी आलं. पन मागल्या वेळचं सगळं वळवट आपन मठात दासोहाच्या पंगतीला दिलं व्हतं, ते आठवलं.

खरी गोष्ट पुढंच हाय. मला ती तुज्या अप्पानं सांगितली न्हाई. शिवरात्रीच्या पूजेचं सामान आनायला गेले तवा दुकानासमोरच्या हॉटेलवाल्या गोपाळनं सांगितली.

आडत्या सूर्यभान हाय न्हवं, तो दुकानात आला. गिऱ्हाईक भरपूर व्हतं. सगळ्यांसमोर म्हनला, "शिवरुद्रप्पा, ह्या खेपेला तरी पोरगी बोहल्यावर चढंल का? का पुन्यांदा वळवट मठात धाडावं लागंल?" लोक हसले. तुला म्हाईत न्हाई, दोन वर्षं झाली, कुनी आसं काई बोललं की तुजे अप्पा काट्याकडं बघून माप करत ऱ्हायचे. मला वाटायचं, रागच हाय अजून.

त्या दिवशी माप खाली ठेवलं म्हनं. म्हनले, "सूर्यभानराव, लग्न न्हाई. नखुल्या तपासायला केल्यात. अन् मागल्या खेपेची सोयरीक काई मोडली न्हाई. पोरीनं न्हाई म्हनलं. नवरदेव म्हनत व्हता नोकरी सोड, तिला ते पसंत नव्हतं. मी मागल्या सालाला तुमचं पोतं परत धाडलं, तवा तुमी मला इचारलं का, का म्हून? माल पसंत नव्हता, परत धाडला. मी धाडला तर मी पारखी, अन् पोरीनं धाडला तर ती वाईट का?"

आधी गोपाळच हसला म्हनं, अन् मग सगळेच. सूर्यभान बी हसला, न हसून सांगतो कुनाला.

घरी आले, पूजा केली, जेवाया बसले. मी वाट बघायले, आता सांगतील, मग सांगतील. तर म्हनले, "पोरीनं अंगठ्याचं कळवलं न्हाई अजून."

तुमी दोघं ठिकानं ठरवायलेत. मला कुनी इचारलं न्हाई. इचारशील तर मला तुज्या घरात बसून तू जेवताना बघायचंय. त्याला तिकीट लागत न्हाई न्हवं?

तुझी आई


बोलोन्या, २२ फेब्रुवारी

ती. अप्पा,
शरणु शरणार्थी.

अंगठ्याचं अंदाजानं लिहू नको म्हणालात, म्हणून शनिवारी बारीला जाऊन आले. एका बाईच्या पाटासमोर उभी राहिले. सत्तरीच्या असतील. हातानं काम, तोंडानं समोरच्या दारातल्या बाईशी भांडण. कशावरून भांडत होत्या ते मला कळलं नाही, पण पाथरीतच उभी आहे असं वाटलं.

तर सुरी स्वतःच्या दिशेनं ओढतात. पीठ सुरीच्या पात्यावर गुंडाळलं जातं. मग ती वाटी डाव्या हाताच्या अंगठ्याच्या टोकावर टोपीसारखी बसवतात आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी काठ खाली ओढतात. म्हणजे अंगठा फिरतच नाही. बोटं फिरतात. मी करून पाहिलं, माझाही काठ फाटला. बाई म्हणाल्या, पीठ कोरडं पडू देऊ नको, मळून झाल्यावर ओल्या फडक्याखाली झाक. रव्याच्या जाडीचं त्यांना विचारलं तर त्यांनी मूठभर माझ्या तळहातावर ठेवला. तो मी पुडीत बांधून आणलाय. पुडीतल्या रव्यावरून तुम्ही काय ते ठरवाल, पण पुडी पाथरीला पाठवणार नाही. इथं ठेवलीय.

त्यांनी विचारलं, कुणासाठी एवढी चौकशी? मी म्हटलं, वडिलांसाठी. त्या म्हणाल्या, ते का नाही आले? मी म्हटलं, नवा गहू उतरतो. त्यांना ते कारण पटलं.

आज मोदेनालाही जाऊन आले. ज्या घराची पिंपं बघायची ठरवलीत, त्या घरातल्या बाईंनी लग्न केलेलं नाही. तुमचा प्रश्न त्यांनाच विचारला. जरा अवघडच गेलं, पण तुम्हाला उत्तर हवं होतं. त्या मला माळ्यावर घेऊन गेल्या. पिंपं मांडलेली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. म्हणाल्या, पिंपाचं काय करायचं? माझ्या नावाची आहेत, माझीच राहिली. वडील होते तोवर दर हिवाळ्यात दोघं मिळून भर घालत होतो, आता मी घालते. एक थेंब जिभेवर दिला. गोड, आंबट, आणि खूप जुना.

तुमचं तिकीट ५ मार्चपर्यंत रद्द करता येतं. त्यानंतर नाही. आईला मुंबईहून विमानात बसवून द्यायला कुणी येणार असेल तर नाव कळवा. तुमचं रद्द करू का?

रुद्राणी


पाथरी, १ मार्च

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

तुझ्या आईनं तुला पत्र लिहिलं, हे मला माहीत आहे. तिच्या मोबाइलमध्ये कागदाचा फोटो आहे, वाकडा, आणि खाली तिचाच अंगठा आलेला. वाचायचं नव्हतं, पण समोर आल्यावर वाचलं. त्यात एक चूक आहे. सूर्यभानचं पोतं मी मागल्या साली नव्हे, त्याच्या आदल्या साली परत केलं. बाकी बरोबर आहे.

अंगठ्याचा उलगडा झाला. तू लिहिल्याप्रमाणे ओलं फडकं झाकून तुझ्या आईनं पुन्हा केल्या. काठ फाटला नाही. नखुली आणि कान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तिनं मान्य केलं. लगेच म्हणाली, "मान्य केलं म्हून काय, चव सारखीच हाय." शिजवून खाल्लं. चव सारखी आहे, हे मी मान्य केलं. यावेळी वाळवण गच्चीवरच घातलं होतं. मनकर्णाबाईंनी तिकडून विचारलं, आता कुणाचं? मी म्हटलं, अजून कुणाचंच नाही, पण चांगल्या झाल्यात, वाटीभर घेऊन जा. नेल्या.

मोदेनाच्या बाईंनी सांगितलं ते मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा स्वतःशी वाचलं. वडील आणि मुलगी मिळून भर घालत होते, हे मला कुठं वाचायला मिळालं नव्हतं. त्या बाईंना भेटायचं आहे. पिंप कुठल्या लाकडाचं, हेही तू लिहिलेलं नाहीस.

दुकानात माझा चुलतभाऊ भागवत बसेल. त्याला गहू कळत नाही, म्हणून नवा माल घ्यायचा नाही, फक्त विकायचा, असं बजावलंय. तो म्हणाला, "अन् लय चांगला आला तर?" मी म्हटलं, जाऊ दे. पुढल्या साली घेऊ.

व्हिसा दोघांचाही आला. तिकीट रद्द करू नकोस.

आता शेवटचं. रोमची जमिनीखालची फेरी, मोदेना आणि बारी, एवढं पक्कं. मध्ये एक पूर्ण दिवस तुझ्या आईसाठी तुझ्या घरी. तिचं तिनं मागितलंय, त्यात फेरफार नको. बाकीचे दिवस मी भरायला बसलो होतो. दोन संध्याकाळी घालवल्या, बरंच वाचलं, काही ठिकाणं बरी वाटली. मग सगळं खोडलं. ते दिवस तू ठरव. कुठं न्यायचं, काय खाऊ घालायचं, ते मला आधी कळवायचं नाही. मी विचारलं तरी सांगू नकोस, कारण मी विचारीन.

मला नावडलं तर नावडलं असं तोंडावर म्हणेन. ती सवय आता जायची नाही. पण तू नेशील तिथं येईन.

अप्पा